चेहरा जुळतो तेव्हा

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दोन दातांच्या बरोबर मागे लावून बघा. तिथे एक छोटा, मऊ उंचवटा लागेल. आता जीभ तशीच टाळूवरून मागे न्या. मधोमध एक बारीक रेघ जाणवेल, मागे पडजिभेच्या दिशेनं गेलेली. मग बोट नाकाखाली ठेवा. नाकापासून ओठापर्यंत उतरलेली पन्हळ आणि तिच्या दोन्ही कडांचे बारीक कंगोरे हाताला लागतील. या तिन्ही ठिकाणी तुमच्या चेहऱ्याचे निरनिराळे भाग एकमेकांना येऊन मिळालेले आहेत. तुम्ही आईच्या पोटात एखाद्या इंचाचेही नव्हतात, तेव्हा ही भेट सुरू झाली होती.

मी कोल्हापुरात शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा येतात तेव्हा फॉर्मलिननं त्यांचे डोळे चुरचुरत असतात, काहींच्या घशाला कोरड पडलेली असते. कुणी चंदगडहून आलेलं असतं, कुणी लातूरहून. त्यांच्या हातात कवटी देण्याआधी मी त्यांना हे जिभेचं आणि बोटाचं काम सांगते. स्वतःच्या तोंडात ती रेघ सापडली की समोरच्या कवटीवरची रेघ परकी राहत नाही. आणि ज्या माणसाची ती कवटी आहे, त्याच्याविषयीचा आदर वेगळा शिकवावा लागत नाही.

गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याला चेहरा नसतो. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. पुढे जिथे तोंड व्हायचं तिथे एक खळगा असतो आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे. वर कपाळ आणि नाकाचा एक, दोन बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, कान तर जबड्याच्याही खाली, मानेपाशी. पुढचे काही आठवडे हे सगळं एकमेकांकडे सरकत राहतं. खालचे दोघं सगळ्यात आधी भेटतात आणि हनुवटी होते. वरच्या उंचवट्यात नाकपुड्यांचे दोन खळगे पडतात. त्या खळग्यांच्या आतल्या कडा मध्यावर येऊन मिळतात. ओठावरची पन्हळ, वरच्या चार पटाशीच्या दातांचं हाड आणि टाळूचा पुढचा लहानसा त्रिकोण त्यांच्यातून होतो. मग बाजूंनी वरच्या जबड्याचे उंचवटे येतात, त्या मधल्या भागाला चिकटतात आणि ओठ पुरा होतो. सातवा आठवडा संपेपर्यंत ओठाचं काम झालेलं असतं.

टाळूचं काम त्यानंतर. टाळूच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात, कारण मधली जागा जिभेनं अडवलेली असते. जबडा वाढतो, जीभ खाली बसते आणि फळ्या उठून आडव्या होतात, मध्यावर येऊन टेकतात. बाराव्या आठवड्यापर्यंत पुढून मागे सगळं जुळलेलं असतं. मुलींच्या गर्भात या फळ्या आडव्या व्हायला मुलग्यांपेक्षा सुमारे आठवडाभर उशीर होतो. नुसती टाळू दुभंगलेली असण्याचं प्रमाण मुलींत जास्त दिसतं, त्याचं कारण यात असावं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ओठाचं उलट आहे. दुभंगलेला ओठ मुलग्यांत जास्त, आणि उजव्या बाजूपेक्षा डाव्या बाजूला साधारण दुपटीनं.

नुसतं टेकून भागत नाही, हे मुलांना मी दोनदा सांगते. दोन उंचवटे एकमेकांना लागले तरी प्रत्येकावर पेशींचं पातळ आवरण असतं. ती दोन आवरणं मिळून मध्ये एक भिंत तयार होते. ती भिंत विरायला हवी, म्हणजे आतला भाग आतल्या भागाला मिळतो. हे आवरण नीट घडवण्यात आयआरएफ-६ या जनुकाचा हात असतो. त्यात बिघाड असलेल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ओठ किंवा टाळू दुभंगलेली मुलं जन्मतात आणि त्यांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे असतात. हा संबंध २००२ साली सापडला. एवढ्याशा जागेत, इतक्या थोड्या दिवसांत, इतक्या गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा त्या होतात. याचं मला अजूनही नवल वाटतं. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो, असं मुलं म्हणतात.

या उंचवट्यांत जो माल भरलेला असतो तो येतो कुठून, याचा शोध मला फार आवडतो. १८६८ साली विल्हेल्म हिस यांना कोंबडीच्या गर्भात, पाठीच्या कण्याजवळ, पेशींचा एक पट्टा दिसला होता. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून होतात, तिच्या कडेचा हा पट्टा. तिथल्या पेशी जागा सोडून दूर निघून जातात. पण एकदा बाकीच्या पेशींत मिसळल्या की त्या ओळखायच्या कशा? फ्रान्समधल्या निकोल ल दुआरँ यांना १९६९ च्या सुमारास उपाय सापडला. लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो, कोंबडीच्या पेशींत तो तसा दिसत नाही. त्यांनी अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या गर्भातला तो पट्टा बसवला आणि वाट पाहिली. गर्भ वाढल्यावर त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर जबड्याच्या हाडांत, चेहऱ्याच्या कूर्चेत, म्हणजे मऊ, लवचीक हाडात, ते गडद ठिपके सापडले. म्हणजे गालाचं हाड आणि मांडीचं हाड दिसायला सारखंच हाड असलं तरी दोघांचं कूळ वेगळं. मांडीचं हाड गर्भाच्या मधल्या थरातून होतं. चेहऱ्याची हाडं मेंदूच्या कडेवरून चालत आलेल्या पेशींची.

त्या प्रवासाच्या खुणा आपल्या अंगावर शिल्लक आहेत. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेच्या तीन शाखा आहेत. एक कपाळाची आणि नाकाची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या. खालची दाढ काढायला गेलात आणि डॉक्टरांनी सुई दिली की थोड्या वेळानं त्या बाजूचा ओठ बधिर होतो. बधिरपणा सरकत सरकत हनुवटीच्या मध्यावर येतो आणि थांबतो. दोन उंचवटे जिथे भेटले होते, तीच ही मध्यरेषा. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावरच्या कातडीला मात्र हा नियम नाही. पुरुष दाढी करताना जिथे हात वळवतात ती जागा. तिची नस मानेतून वर येते.

कानाची गोष्ट याहून लांबची. बाहेरचा कान सहा छोट्या गुठळ्या एकत्र येऊन होतो, गळ्यापाशी, आणि मग जबडा वाढेल तसा वर चढतो. कानाच्या आतली हातोडी आणि ऐरण ही हाडं जबड्याच्याच कमानीतली. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्यांच्या जागची हाडं जबड्याच्या सांध्यात असतात. कार्ल रायखर्टनं १८३७ साली हे दाखवलं. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर तालमीतली पोरं म्हशीच्या धारेचं दूध प्यायला उभी असतात, तेव्हा माझी नजर हटकून त्यांच्या कानांकडे जाते. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. कुस्तीत कान घासला, चेंबला, की आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये रक्त साचतं. ते लगेच काढलं नाही तर कूर्चा उपाशी मरते, तिच्या जागी कडक गाठी धरतात आणि कानाच्या वळ्या कायमच्या बुजतात. पोरांना मी एकदा म्हटलं, सुजल्या सुजल्या दवाखान्यात या, रक्त काढून वरून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. त्यांनी आदरानं मान डोलावली. मोडलेला कान ही त्यांच्या मेहनतीची ओळख आहे, ती पुसायला ते येणार नाहीत. मला ते पटतं. जन्मल्यानंतर माणूस स्वतः जे कमावतो, तेही त्याच्या चेहऱ्यात धरायला हवं.

याच कट्ट्यावर दूध काढणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या. राधानगरी रस्त्याकडच्या गावातून म्हशी घेऊन येतात. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी न्हाऊ घातलेलं आहे. अशा बायकांच्या हातांना जे कळतं ते पुस्तकात सापडायला वेळ लागतो. बाळाच्या डोक्याची हाडं जन्माच्या वेळी एकमेकांना जुळलेली नसतात. वाटेतून येताना ती एकमेकांवर थोडी सरकतात म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं. डोक्यावरची पुढची मोठी टाळू दीड-दोन वर्षांपर्यंत भरून येते. तोवर ती बाळाची प्रकृती सांगत असते. बाळाला पाणी कमी पडलं की आत जाते, डोक्यातला दाब वाढला की वर फुगते. मावशी टाळूवर तेल घालताना तळहातानं हे सगळं वाचतात.

त्यांना नातू झाला आणि त्यांनीच एका सकाळी मला गाठलं. "मॅडम, पोराची टाळू आत गेलीया. दूध नाकातनं भाईर येतंय."

बाळाचा ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि मागे तोंडातली टाळूही. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. तोंडाची पोकळी बंद झाल्याशिवाय ओढ लागत नाही, आणि इथे वर नाकाचा दरवाजा उघडाच. बाळ तासभर छातीशी असतं, दमतं, आणि उपाशीच झोपी जातं. आईला वाटतं, पाजलं. आधी बाळाला डॉक्टरांना दाखवलं. मग आम्ही दूध काढून वाटीत घेतलं, बाळाला उभं धरलं आणि बोंडल्यानं गालाच्या आतून थोडं थोडं सोडायला मावशींना शिकवलं. शिकवलं म्हणणंही बरोबर नाही. त्यांनी बोंडलं हातात घेतलं आणि मला फक्त कोन सांगावा लागला. मध्ये मध्ये ढेकर काढायचा, कारण ही बाळं दुधाबरोबर वारा फार गिळतात. दोन दिवसांत डोक्यावरची टाळू वर आली.

सून कोपऱ्यात बसून होती. डोळे सुजलेले. मावशींनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "सातव्यात हुती तवा गिराण लागलं. मी म्हनलं हुतं, आज इळीला हात लावू नगंस. हिनं कोथमीर चिरली."

ग्रहण आणि फाटलेला ओठ ही गाठ आपल्याकडे किती घट्ट आहे हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. ग्रहणात गरोदर बाईनं चिरू नये, कापू नये, शिवू नये, अंग दुमडून बसू नये. शिकलेल्या घरांतही, "पाळायला काय हरकत आहे" म्हणून पाळलं जातं. हरकत कुठे येते ती मी त्या कोपऱ्यात बघितली. पाळलेल्या हजारो बायकांची बाळं चांगली निघतात, त्याची नोंद कुठेच होत नाही. एकीचं बाळ दुभंगलेला ओठ घेऊन येतं आणि तिच्या गेल्या नऊ महिन्यांची झडती सुरू होते. काही सापडेपर्यंत ती थांबत नाही, आणि काही ना काही सापडतंच. कधी विळी, कधी सुई, कधी नुसतं अंगणात जाणं.

ही अंधश्रद्धा आहे, असं म्हणून मी तिथे थांबले असते तर मावशींनी मान हलवली असती आणि सुनेची सुटका झाली नसती. म्हणून मी महिने मोजले. पाळी चुकल्यापासून साधारण पाच आठवड्यांत ओठाचं काम संपतं, हे बोटांवर मोजून दाखवलं. "मावशी, सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा हा ओठ असा होऊन चार-पाच महिने उलटले होते. त्या दिवशी विळीनं काय, कशानंच तो फाटणं शक्य नव्हतं."

मावशी जनावरांतल्या आहेत. गाभण म्हशीचे महिने त्यांच्याइतके चोख मी मोजू शकणार नाही. त्यांना हिशेब पटला. आणि पुढचा प्रश्न आला, मला तो यायला हवा होता असं वाटतं, कारण तिथून खरं बोलणं सुरू झालं. "मग दुसऱ्या म्हयन्यात काय केलं हुतं हिनं?"

त्यांना मी मेंढ्यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयडाहो नावाचा मुलूख आहे, तिथे १९५० च्या दशकात मेंढपाळांच्या कळपांत कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मायला लागली. सरकारच्या शेती खात्यातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. डोंगरकुरणातली एक रानटी वनस्पती मेंढ्या खात होत्या. पण खाल्लेल्या सगळ्याच मेंढ्यांना तशी कोकरं होत नव्हती. मेंढी गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमारास तिनं ती खाल्ली तर कोकराचा चेहरा बिघडायचा. चेहऱ्याची मधली रेघ पाडून दोन डोळे दोन बाजूंना करणारा एक संदेश गर्भात नेमक्या त्या दिवसांत फिरत असतो, आणि त्या वनस्पतीतलं विष तोच संदेश अडवतं. ती तारीख गेली की त्या विषानं एका डोळ्याचं कोकरू होत नाही.

मावशी म्हणाल्या, "आपल्याकडं हाय का ती?" नाही, ती तिकडचीच. "मग हिला काय झालं?"

काही झालं नाही. हे वाक्य उच्चारायला मला फार विचार करावा लागला, कारण ते खरं असायला हवं होतं. जगात साधारण दर सातशे बाळांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आईकडून आणि बापाकडूनही. फिटच्या काही गोळ्या, तंबाखूचा धूर, ताब्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो. यांतलं काहीच तिच्याबाबत नव्हतं. फॉलिक अॅसिडची गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच घ्यावी. मज्जारज्जूच्या दोषांवर तिचा गुण सिद्ध झालेला आहे, ओठाच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही. बहुतेक बाळांपुरतं बोट ठेवून सांगता येईल असं एकच कारण नसतं. दोन उंचवटे एकमेकांपर्यंत पोचले नाहीत, किंवा पोचले आणि मधली भिंत विरली नाही. त्या दिवसांत ती शेणी थापत होती, धारा काढत होती, रोजचंच करत होती.

हे सांगताना मी सासूकडे बघत होते, पण ऐकत सून होती. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पुढचं बाळ?" एका बाळाचा ओठ दुभंगलेला असेल तर पुढच्या बाळाला शंभरात तीन ते पाच एवढा धोका असतो, म्हणजे शंभरातली पंचाण्णव ते सत्त्याण्णव बाळं व्यवस्थित येतात. तिनं आकडा मनातल्या मनात परत म्हटला, ओठ हलताना मला दिसले.

चेहऱ्यावरून माणसाला दोष लावायची खोड खेड्यातल्या सासूची एकटीची नाही. मोठमोठ्या विद्वानांनी ती जोपासली. कवटी हातात आली की पहिल्या वर्षाची मुलंही विचारतात, कुणाची ही, पुरुषाची का बाईची, आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात, कुठल्या जातीची? त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवते. हर्बर्ट रिस्ली हा इंग्रज अधिकारी नाकाची रुंदी आणि उंची मोजून जातींची उतरंड लावत होता. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त होता. आणि त्यानंतरच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. या दोन तारखा मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. मुलांना त्यावर काही सांगावं लागत नाही.

आणि इरावती कर्वे. त्यांच्या मराठी लेखनामुळे त्या आपल्याला माहीत असतात. बर्लिनमध्ये, १९२० च्या दशकाच्या शेवटी, त्यांनी दीडशेच्या आसपास मानवी कवट्या मोजल्या होत्या, हे कमी लोकांना ठाऊक असतं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. वंशाच्या श्रेष्ठ-कनिष्ठपणावर त्यांचा विश्वास होता, आणि पुढे नाझींच्या वंशवादाला याच मंडळींनी शास्त्राचा आधार पुरवला. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसण्याचा वंशाशी संबंध आहे का, हा प्रश्न होता. परदेशातून आलेली विशीतली तरुण मुलगी, गुरूला काय ऐकायचं आहे हे माहीत असताना, एकेक कवटी मोजत बसली आणि संबंध दिसत नाही असं तिनं लिहून दिलं. प्रत्येकच कवटी थोडी वाकडी असते, युरोपियन असो की आफ्रिकन. त्या कवट्या वसाहतींतून, कुणाला न विचारता आणलेल्या माणसांच्या होत्या, हे विसरता येत नाही. पण त्यांच्यावर लादलेला एक आरोप तिच्या मोजपट्टीनं खाली उतरवला.

थोडं मागे जायचं तर आणखी एक मराठी धागा आहे. टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलवाला पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभारानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासकट ती हकिकत छापून आली. आधी मेणाची पातळ पापडी नाकाच्या जागी बसवून चांगलं नाक घडवायचं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये देठ शाबूत ठेवायचा म्हणजे रक्त चालू राहतं. पीळ देऊन ती खाली वळवायची, नाकाच्या कडांना बसवायची, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. विलायतेतल्या शल्यविशारदांनी ते वाचून पुढे तिकडे करून पाहिलं. श्रावणात मी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून जाते तेव्हा मला त्या अनामिक कुंभाराची आठवण येते. साच्यातून निघालेले मूर्तीचे दोन अर्धे भाग जुळवून कारागीर जोडावरून ओलं बोट फिरवतात, दोनदा, तीनदा, रेघ नाहीशी होईपर्यंत. कपाळाच्या कातडीत नाक बघायची नजर अशाच बोटांतून आली असणार.

मावशींच्या नातवाचा ओठ शिवला तो चौथ्या महिन्यात. दहा आठवडे वय, दहा पौंड वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन, असा शल्यविशारदांचा जुना ठोकताळा आहे, आणि वजन भरायला वेळ लागला. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अंगणवाडीत येणारं पथक नोंद करतं, आणि तरी कित्येक घरांत ते माहीत नसतं म्हणून मी इथे मुद्दाम लिहिते. आताच्या पद्धतीचा पाया राल्फ मिलार्ड यांनी १९५० च्या दशकात घातला. त्यांना दिसलं की दुभंगलेल्या ओठात पन्हळ हरवलेली नसते. ती असते, पण वर ओढली गेलेली, तिरपी फिरलेली. म्हणून तिला फिरवून खाली आणायचं आणि बाहेरचा भाग पुढे सरकवून मोकळ्या जागेत बसवायचा. गर्भात जे सरकणं अर्धवट राहिलं, ते टेबलावर पुरं करायचं.

टाळू वर्षाच्या आसपास शिवली. बोलायला लागायच्या आत ती शिवलेली बरी. प, ब, ट, क म्हणताना तोंडात हवेचा दाब धरावा लागतो, आणि टाळू उघडी असेल तर हवा नाकातून निघून जाते. म आणि न तेवढे अडत नाहीत, कारण ते मुळात नाकातलेच. शिवल्यावरही मुलाला दाब धरायला शिकवावं लागतं. नाकाखाली आरसा धरून प म्हणायला लावायचं, आरशावर वाफ आली तर हवा अजून गळते आहे. सून हे रोज करून घ्यायची. कानांकडेही लक्ष ठेवावं लागतं, कारण टाळूचेच स्नायू कानाची आतली नळी उघडतात. ते दुबळे असले की कानात पाणी साचतं, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं.

तो आता शाळेत जातो. एक काम राहिलं आहे. वरच्या हिरडीत, पटाशीच्या आणि सुळ्याच्या दातांच्या मध्ये, हाडात फट आहे. गर्भातला मधला भाग आणि बाजूचा भाग जिथे मिळायचे तीच जागा. त्या मधल्या हाडाच्या खुणा माणसात आहेत हे जर्मन कवी गटे यानं १७८४ साली दाखवलं होतं. माकडांत ते हाड असतं आणि माणसात नसतं, म्हणून माणूस निराळा, असं त्या काळचे विद्वान मानत होते. सुळा खाली यायच्या आत ती फट भरावी लागते, म्हणजे आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, नाहीतर सुळ्याला उतरायला हाडच मिळत नाही. भरायला हाड कमरेतून घेतात. कमरेचं हाड मधल्या थराचं, जबड्याचं मेंदूच्या कडेवरून आलेलं, दोघांचं कूळ वेगळं. तरी ते तिथे धरतं, काही महिन्यांत जबड्याच्या हाडात मिळून जातं, आणि सुळा त्यातून खाली येतो. मे महिन्यातली तारीख घेतली आहे. शाळेला सुट्टी असते, आणि सुनेची धाकटी मुलगी तेवढे दिवस मावशींजवळ राहील.